पांढरे वाघ आणि त्यांची तीन विमाने

भारतीय नौदलाची 300 क्रमांकाची स्क्वाड्रन जुलै 1960 मध्ये ब्रिटनमधल्या ब्रॉडी या नौदल विमानतळावर उभी राहिली. बोधचिन्ह पांढऱ्या वाघाचे, म्हणून तिला ‘व्हाइट टायगर्स’ म्हणतात. आज तिचा मुक्काम गोव्यात, दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर आहे. क्रमांक तोच, वाघही तोच. पण आजवर तिने तीन जातींची लढाऊ विमाने उडवली आणि दरवेळी विमानाबरोबर तिचे कामही बदलले. हा बदल सहसा युद्धे आणि खरेदीचे करार यांच्या क्रमाने सांगितला जातो. त्याचे मूळ मात्र जहाजाच्या डेकवर आहे. विमान जहाजावरून कसे उडते आणि परत कसे उतरते, यावर ते किती वजन नेणार हे ठरते. आणि वजनावर ठरते, ते कोणते काम करणार.

यासाठी एक आकडा लक्षात ठेवावा: इंजिनाचा रेटा भागिले विमानाचे वजन. पहिल्या सी हॉक विमानाचा रेटा सुमारे 2.4 टन आणि पूर्ण भारासह वजन सुमारे 7.3 टन, म्हणजे गुणोत्तर 0.33. नंतरच्या सी हॅरियरचे 0.8 च्या आसपास. सध्याच्या मिग-29के विमानाचे, आफ्टरबर्नर (झोतात जास्तीचे इंधन जाळून रेटा वाढवणारी सोय) लावून, 0.73. जमिनीवर दोन-अडीच किलोमीटरची धावपट्टी असेल तर 0.33 वरही निभावते. विक्रांत ही पहिली विमानवाहू नौका टोकापासून टोकापर्यंत जेमतेम 213 मीटर लांब होती, आणि त्यातला थोडाच भाग धावायला मिळे.

सी हॉक हे एका आसनाचे, एका इंजिनाचे ब्रिटिश विमान. नाकात 20 मिलिमीटरच्या चार तोफा. त्याच्या नीन इंजिनाचा झोत शेपटीतून बाहेर पडत नसे. तो दोन भागांत विभागून पंखांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना सोडलेला होता. झोताची नळी आखूड झाल्याने रेटा कमी वाया जाई आणि मागच्या धडात इंधनासाठी जागा मिळे. बोगमाळ्याच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक ठेवलेले आहे. पंख धडाला मिळतो तिथे मागच्या कडेला बघितले की ही दोन तोंडे सहज दिसतात.

असे विमान स्वतःच्या बळावर विक्रांतवरून उडणे शक्यच नव्हते, म्हणून विमान पुढे फेकणारा वाफेचा कॅटापल्ट. डेकखाली दोन लांब सिलिंडर, त्यांत वाफेने सरकणारे दट्टे, आणि डेकमधल्या फटीतून वर आलेले शटल. पंख उलगडून पक्के केले की विमानाच्या पोटाखालच्या हुकांत पोलादी दोर अडकवून तो शटलला लावायचा. मागच्या बाजूने विमान दुसऱ्या जोडणीने डेकला बांधायचे. या जोडणीत ठरावीक ताणाला तुटणारी एक कडी असते. वैमानिक इंजिन पूर्ण ताकदीवर नेतो, तरी कडी विमान धरून ठेवते. वाफ सोडली की ताण वाढतो, कडी तुटते आणि विमान सुटते. कडी कमकुवत निघाली तर ती वाफेआधीच तुटते आणि विमान अपुऱ्या वेगाने डेकच्या टोकाकडे सरकू लागते. फार मजबूत निघाली तर तो झटका विमानाच्या सांगाड्याला सोसावा लागतो. म्हणून कडी प्रत्येक उड्डाणाला नवी आणि त्या जातीच्या विमानासाठीच बनवलेली असते.

कॅटापल्टला साथ लागते समोरच्या वाऱ्याची. जहाज वाऱ्याच्या दिशेने तोंड करून 24 नॉटने चालले आणि वारा 10 नॉटचा असेल, तर विमान जागेवर उभे असतानाच त्याच्या पंखांवरून 34 नॉटची हवा वाहत असते. तेवढा वेग कॅटापल्टला द्यावा लागत नाही. 1971 मध्ये नेमके हेच गणित बिघडले होते. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेले होते आणि जहाजाला पूर्ण वेग गाठता येत नव्हता. समजा 24 ऐवजी 16 नॉटच मिळाले, तर 8 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 15 किलोमीटर, कमी पडले. ते भरून काढायचे तर विमानाचे वजन उतरवायचे: बॉम्ब कमी किंवा इंधन कमी. त्यातच कॅटापल्टची वाफही त्याच बॉयलरमधून येते. डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वारा मंद असतो. इतके सगळे प्रतिकूल असताना त्या जहाजाने लढाईभर विमाने उडवली. इंजिनरूममधल्या माणसांचा या यशातला वाटा वैमानिकांइतकाच मोठा आहे आणि तो तितक्याच अभिमानाने सांगितला पाहिजे.

4 डिसेंबर 1971 रोजी सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारचा विमानतळ आणि चितगाव बंदरावर हल्ले चढवले. स्क्वाड्रनचे नेतृत्व लेफ्टनंट कमांडर एस. के. गुप्ता यांच्याकडे होते. त्यांना महावीर चक्र मिळाले. पुढच्या दिवसांत खुलना आणि मोंगलासारखी ठिकाणे लक्ष्य झाली. सी हॉकचे मूळ काम ताफ्याचे हवेत रक्षण करणे हेही होते. पण या विमानात रडार नव्हते, त्याचा वेग ध्वनीपेक्षा कमी होता आणि त्याचा पहिला नमुना 1947 मध्ये उडालेला होता. स्वनातीत विमानांशी गाठ पडली असती तर ते टिकले नसते. विक्रांत पूर्वेकडे पाठवल्याने त्याला झेपणारे काम मिळाले: बंदरे, जहाजे आणि धावपट्ट्या निकामी करणे. स्क्वाड्रन या युद्धात मुख्यतः जमिनीवर आणि बंदरांवर मारा करणारी ठरली.

उतरण्याची पद्धत मात्र तेव्हा होती तीच, थोड्या फरकाने, आजही आहे. विक्रांतवर पहिले जेट 18 मे 1961 रोजी लेफ्टनंट आर. एच. तहिलियानी यांनी उतरवले. पुढे ते नौदलप्रमुख झाले. डेकच्या कडेला जायरोने स्थिर ठेवलेला आरसा असे. त्यातल्या प्रकाशाचा ठिपका दोन्ही बाजूंच्या हिरव्या दिव्यांच्या रेषेत दिसला तर उतरण्याचा कोन बरोबर. ठिपका रेषेच्या खाली गेला तर विमान खाली आहे आणि जहाजाच्या मागच्या कडेवर आदळण्याचा धोका आहे. शेपटीजवळचा हुक डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी एक पकडतो.

1983 च्या डिसेंबरात पांढऱ्या वाघांची दुसरी पिढी दाबोळीला आली: सी हॅरियर. अरुण प्रकाश यांनी 20 डिसेंबरला ते विक्रांतवर उतरवले. पुढे तेही नौदलप्रमुख झाले. या विमानाला ना कॅटापल्ट लागे, ना तारा.

पेगासस इंजिनाला चार फिरती नॉझल. पुढच्या दोनांतून पंख्याची तुलनेने थंड हवा, मागच्या दोनांतून टर्बाइनचा तप्त वायू. चारही एकाच तरफेने फिरतात: मागे वळली की विमान पुढे जाते, खाली वळली की तरंगते. ही तरफ थ्रॉटलच्या शेजारीच असते. एकीऐवजी दुसरी ओढली गेली तर जमिनीजवळ सावरायला वेळ उरत नाही. तरंगताना पंखांवरून हवा वाहत नाही, त्यामुळे नेहमीच्या सुकाणूंचा उपयोग नसतो. मग इंजिनातून काढलेली दाबाखालची हवा नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांवरच्या छिद्रांतून सोडून तोल सांभाळायचा.

काचेच्या समोर, नाकावर, एक छोटीशी पाती असते. ती वाऱ्याची दिशा दाखवते. हॅरियर जवळून बघताना ती नजरेतून निसटते, पण वैमानिकाच्या जिवाचा आधार तीच. कमी वेगात वारा बाजूने लागला तर एक पंख उचलला जाऊ लागतो, आणि छिद्रांतल्या हवेची ताकद तो खाली आणायला पुरत नाही. विमान काही क्षणांत उलटते. म्हणून पाती सरळ ठेवायची, म्हणजे नाक कायम वाऱ्यात ठेवायचे.

आता वजन. पेगाससचा रेटा सुमारे 9.75 टन, तोही 15 अंश सेल्सिअस तापमानाला. दाबोळीत मे महिन्यात 34 अंश असताना हवेची घनता सुमारे 6 टक्क्यांनी घटते आणि रेटाही खाली येतो. रिकाम्या विमानाचे वजनच सहा टनांहून थोडे जास्त. त्यात वैमानिक, तोफा, क्षेपणास्त्रे आणि परतीचे इंधन धरले, तोल सांभाळण्यासाठी इंजिनातून काढलेली हवा वजा केली, की उरते ती थोडीशी जागा. ती वाढवण्यासाठी विमानात सुमारे 227 लिटर पाणी असते. ते इंजिनात फवारले की टर्बाइन थंड राहते आणि इंजिन जास्त फेऱ्यांवर चालवता येते. पाणी खनिजमुक्तच लागते, नाहीतर क्षार पात्यांवर साचतात. ते पुरते दीड मिनिट. म्हणून उतरण्याचा क्रम ठरलेला असतो: जहाजाच्या डाव्या बाजूने समांतर यायचे, पाणी सुरू करायचे, जहाजाच्या वेगाने तरंगायचे, आडवे सरकून डेकवर यायचे आणि न रेंगाळता लगेच टेकायचे. डेकवर आपटून वर आलेला तप्त वायू पुन्हा इंजिनात शिरला तर नेमका हवा तेव्हाच रेटा घटतो. जास्तीची शस्त्रे न वापरता परत आली तर ती समुद्रात टाकून द्यावी लागत.

उड्डाण करताना हे बंधन सैल झाले ते स्की-जंपमुळे. ब्रिटिश नौदलातील अधिकारी डग टेलर यांची ही कल्पना. आयएनएस विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेच्या डेकचे टोक 12 अंश वर वळवलेले होते. समजा विमानाने ते टोक सेकंदाला 35 मीटर वेगाने सोडले, तर त्याला सेकंदाला सुमारे 7 मीटर वरचा वेग फुकट मिळतो. पंख आणि खाली वळवलेली नॉझल मिळून वजनाचा 60 टक्के भार उचलत असतील, तर विमान जवळपास दोन सेकंद वरच चढत राहते. तेवढ्यात त्याचा वेग ताशी 30 किलोमीटरच्या आसपास वाढतो आणि उरलेले वजन पंख पेलतात. उभे उडण्यापेक्षा कितीतरी अधिक भार असा नेता येतो.

या जास्तीच्या भारानेच स्क्वाड्रनचे काम बदलले. ब्लू फॉक्स रडार, मॅजिक क्षेपणास्त्रे, आणि जहाजांविरुद्ध सुमारे 110 किलोमीटर पल्ल्याचे सी ईगल. शत्रूची सागरी टेहळणी विमाने ताफ्यापासून दूर रोखणे हे तिचे मुख्य काम झाले. नंतरच्या सुधारणेत इस्रायली रडार आणि डर्बी क्षेपणास्त्र आले, तेव्हा नजरेपलीकडच्या विमानावरही मारा करता येऊ लागला. या क्षमतेची किंमत जबर होती: ताफ्यातली निम्म्याहून अधिक विमाने अपघातांत गेली, काही वैमानिकही. 11 मे 2016 रोजी दाबोळीत सी हॅरियर निवृत्त झाले आणि त्याच समारंभात स्क्वाड्रनकडे मिग-29के आले.

मिग दोन इंजिनांचे, पूर्ण भारासह 24.5 टनांचे. आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू नौकेवर कॅटापल्ट नाही. चाकांसमोर डेकमधून वर येणारे अडथळे विमान धरून ठेवतात, इंजिने आफ्टरबर्नरवर जातात, अडथळे खाली बसतात आणि विमान 14 अंशांच्या चढावरून सुटते. उतरताना पुन्हा हुक आणि तार. हिशेब करून बघा: ताशी 240 किलोमीटरने येणारे विमान, त्यातून जहाजाचा आणि वाऱ्याचा मिळून ताशी 45 किलोमीटर वेग वजा केला, तर डेकच्या तुलनेत सेकंदाला सुमारे 54 मीटर. 90 मीटरमध्ये थांबायचे तर सव्वातीन सेकंद मिळतात, आणि सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या दीडपटीहून जास्त. चाके टेकताच वैमानिक इंजिन कमी करत नाही, पूर्ण ताकदीवर नेतो. हुक तारेवरून उडी मारून निसटला तर लगेच पुन्हा हवेत जाता आले पाहिजे. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की इंधन संपत येते आणि भर समुद्रात दुसरा विमानतळ नसतो. म्हणून एका मिगला दुसऱ्या मिगमध्ये हवेतच इंधन भरता येते.

असे आदळून उतरणे यंत्रांना सोसवत नाही. 2016 च्या कॅगच्या अहवालानुसार मिग-29के विमानांची उड्डाणक्षमता 15.93 ते 37.63 टक्क्यांच्या दरम्यान होती, आणि 2010 पासून रचनेतील दोषांमुळे 40 इंजिने काढून घ्यावी लागली होती. क्षमता मात्र मोठी आहे. हेच विमान हवाई संरक्षण करते, जहाजांवर क्षेपणास्त्रे सोडते आणि जमिनीवरही मारा करते.

2023 च्या फेब्रुवारीत मिग-29के नव्या विक्रांतवर उतरले आणि मे महिन्यात रात्रीही उतरले. एप्रिल 2025 मध्ये 26 राफेल-एम विमानांचा करार झाला. राफेल-एम मूळचे कॅटापल्टचे, म्हणून 2022 मध्ये हंसा तळावरच्या जमिनीवरील स्की-जंपवरून ते उडवून बघितले. तिथे ते यशस्वी झाले. राहतो प्रश्न पंखांचा: मिगचे पंख दुमडून रुंदी आठ मीटरच्या आत येते, राफेलचे दुमडत नाहीत आणि त्यांचा विस्तार 10.9 मीटर आहे. डेकवरून हँगरमध्ये विमान नेणाऱ्या विक्रांतच्या लिफ्टची रुंदी सुमारे 10 मीटर आहे.