पार्श्वभूमी : स्काउटमास्टर की मास्तर?

स्काउट पथक चालवायला पालक पुढे येत नाहीत, ही बेळगावकडची तक्रार जुनीच. 1907 चं ब्राउनसी बेटावरचं पहिलं स्काउट शिबिर सगळ्यांना पाठ आहे, ते इथे उगाळत नाही. लक्षात ठेवायचं ते इतकंच की पथक चालवणारा मोठा माणूस हौसेनं वेळ देणारा असायचा, पगारी शिक्षकच हवा असं कधी नव्हतं.

घोळ शब्दानं घातला. आपल्याकडे मास्तर म्हणजे शाळेतले, आणि इथल्या कन्नडमध्येही मास्तर म्हणजे तेच. त्यामुळे ‘स्काउटमास्टर’ म्हटलं की खानापूरचा शेतकरी असो की निपाणीचा तंबाखूवाला, ‘ते सर बघतील’ म्हणून मोकळा. मुलींच्या गाइड पथकात ‘गाइड कॅप्टन’. तिथे शब्दात मास्तर नाही, तरी कॅप्टन म्हणून उभ्या राहतात त्या शाळेतल्या बाईच! ब्रिटननं 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मास्टर’ वगळून ‘लीडर’ आणलं. आपण स्काउटमास्टर आणि लहान मुलांच्या पथकाचा कबमास्टर जपून ठेवले.

पण सगळा दोष शब्दावर ढकलूनही चालणार नाही. 1950 मध्ये देशातल्या निरनिराळ्या स्काउट संघटना एकत्र आल्या, आणि पुढे चळवळ वाढली ती मुख्यतः शाळांच्या आधारानं. मैदान मिळालं, आयती मुलं मिळाली. पालकाच्या वाट्याला मात्र वर्गणी आणि गणवेशाची इस्त्री उरली. सरांची बदली झाली की स्कार्फ कपाटात, हे सीमाभागात कुणाला सांगायला नको. शाळेबाहेरच्या खुल्या गटाची सोय नियमांत आहे, पण तिकडे फारसं कुणी वळत नाही. माझ्या मते चूक तिथेच आहे.

त्यात 1956 ची राज्य पुनर्रचना. तोवर हा जिल्हा मुंबई राज्यात होता. 1 नोव्हेंबरनंतर सरकारी कागद बंगळुरूच्या दिशेनं जाऊ लागले. आज परिपत्रक कन्नडमध्ये, प्रार्थना आणि ध्वजगीत हिंदीत, गाठींची नावं इंग्रजीत, घरी मराठी. एखादी आई तिथेच बिचकते. खरं तर शिटीच्या खुणांना कुठलीच भाषा लागत नाही.

आणि पालकांना काही येत नाही, हेही खोटं. बेळगावच्या वडगाव-खासबागेत मागावर तुटलेला धागा जोडताना विणकर जी गाठ मारतो, तीच स्काउटची ‘शीट बेंड’. पोरगा पुस्तकातलं चित्र बघून दोरी उलटसुलट करत बसतो, आणि शेजारी बसलेल्या बापाची बोटं ती न बघता बांधतात. त्याला पथकावर घ्यायचं तर आधी बेसिक कोर्स, पुढे अ‍ॅडव्हान्स्ड, मग हिमालय वूड बॅज ही प्रशिक्षणाची वरची पायरी. नेमणुकीच्या पत्राला वॉरंट म्हणतात, हे मात्र घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.