वक्कल, भुईकाटा आणि प्रोटॉन

लासलगावच्या बाजार समितीत ट्रॉली लिलावाला लागली की व्यापारी सगळा कांदा पाहत बसत नाही. थोडा ओतायला लावतो, चार-पाच दाबून बघतो आणि वक्कलाचा, म्हणजे त्या सगळ्या मालाचा, भाव बोलतो. जास्त कांदे पाहिले तर अंदाज सुधारतो. पण पुढे गाडी तोलणारा भुईकाटाच क्विंटलमागे दोन किलो कमी दाखवत असेल, तर हजार कांदे दाबूनही हिशोब चुकणारच. न्यूट्रॉन-प्रोटॉनच्या किरणोत्साराचा शरीराला बसणारा डोस संगणकावर काढताना हेच दोन घोळ होतात, नमुना अपुरा किंवा काटाच खोटा, आणि लोकांचं लक्ष बराच काळ पहिल्यावरच होतं.

सुरुवात १९४६ची. आजारातून उठलेला गणिती स्टॅनिस्लॉ उलाम एकट्याने पत्ते लावत होता. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा शंभर डाव लावून मोजावी, असं त्याला वाटलं. अमेरिकेच्या लॉस अलामॉस या अण्वस्त्र प्रयोगशाळेत तेव्हा प्रश्न होता न्यूट्रॉनचा: कुठे आपटेल, कुठे शोषला जाईल. जॉन फॉन नॉयमनने युक्ती उचलली आणि १९४८ मध्ये एनिॲक या सुरुवातीच्या संगणकावर पहिले हिशोब झाले. ‘मॉन्टे कार्लो’ हे नाव निकोलस मेट्रोपोलिसने सुचवलं, उलामच्या जुगारी काकावरून.

या पद्धतीत संगणकात एकेक कण सोडून, फासे टाकून त्याची वाट ठरवतात; चूक निम्मी करायची तर चौपट कण सोडावे लागतात. संगणक वेगवान झाले तसा निकालाशेजारचा ±, म्हणजे चुकीचा अंदाज, लहान होत गेला. पण तो ± फक्त फाशांचा असतो. (फासेही कधी खोटे निघाले. आयबीएमच्या संगणकांवरचा ‘रँडू’ हा यादृच्छिक आकडे काढणारा कार्यक्रम (प्रोग्रॅम) बदनाम आहे; त्याचे आकडे विखुरण्याऐवजी मोजक्या समांतर पातळ्यांवर बसत.)

काट्याची गोष्ट वेगळी. न्यूट्रॉन कुठल्या अणूला किती वेळा धडकेल याचे तक्ते मोजमापांवरून बनतात. २० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणाच्या ऊर्जेचं माप) पर्यंत ते बरेच भरवशाचे. त्याच्या वर मोजमापं विरळ होतात आणि बराचसा भार अणुकेंद्राच्या गणिती प्रतिकृतींवर पडतो. दोन कार्यक्रमांची उत्तरं तिथेच फाकतात. २००० नंतर युरोपात ‘क्वाडॉस’सारख्या उपक्रमांत एकच प्रश्न अनेक गटांना सोडवायला दिला गेला, तेव्हा छोटा ± मिरवणारी काही उत्तरं चक्क चुकलेली निघाली. कार्यक्रम तोच, वापरणाऱ्याचा हात वेगळा.

प्रोटॉनचा काटा पाण्याच्या एका आकड्यात आहे. पाण्यात प्रोटॉन किती झपाट्याने मंदावतो हे ज्यावर ठरतं ती पाण्याच्या रेणूंची सरासरी उत्तेजन ऊर्जा १९९३च्या आंतरराष्ट्रीय अहवालात ७५ इलेक्ट्रॉनव्होल्ट होती, २०१६च्या अहवालात ती ७८ झाली. एवढ्याने १५० एमईव्हीच्या प्रोटॉनचा पाण्यातला सुमारे १६ सेंटिमीटरचा पल्ला (थांबेपर्यंतचं अंतर) मिलिमीटरच्या आसपास सरकतो. किरणोत्सार संरक्षणाच्या नियमांत तर २००७ मध्ये प्रोटॉनचा भारांक, म्हणजे किरणाच्या घातकतेप्रमाणे डोसाला गुणायचा आकडा, ५ वरून २ वर आला. एकाही कणाची वाट न बदलता कागदावरचा डोस निम्म्याहून खाली.

नाशिककरांना किरणोत्सार ओळखीचा आहे तो शेतमालावर किरण सोडणाऱ्या लासलगावच्याच ‘कृषक’ केंद्रामुळे, पण तिथे कोबाल्टचे गॅमा किरण. कर्करोगावरच्या प्रोटॉन उपचारासाठी आपल्याला खारघर गाठावं लागतं. अशा उपचारात गाठीच्या मागच्या कडेपलीकडे पल्ल्याच्या सुमारे ३.५ टक्के आणि वर एक ते तीन मिलिमीटर जादा पट्टी उपचारात धरायची पद्धत जगभरच्या अनेक केंद्रांत आहे. १६ सेंटिमीटरला हे साडेसहा ते साडेआठ मिलिमीटर होतात, आणि तेवढ्या निरोगी पेशींना पूर्ण डोस बसू शकतो. कण कितीही सोडा, ही पट्टी त्याने अरुंद होत नाही.