फॉस्फोडायएस्टर बंध

फॉस्फोडायएस्टर बंध : डीएनए व आरएनए यांच्या साखळीत एका न्यूक्लिओटाइडला पुढच्या न्यूक्लिओटाइडशी जोडणारा सहसंयुजी बंध. डीएनएच्या दुहेरी गोफातील दोन धागे एकमेकांशी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध निराळे; या दोहोंत पुष्कळदा गल्लत होते. डीएनएचे द्रावण ९५° से.पर्यंत तापवले की हायड्रोजन बंध सुटून धागे वेगळे होतात, पण प्रत्येक धागा मात्र अखंड राहतो. डीएनएच्या असंख्य प्रती बनवणारे पीसीआर तंत्र याच फरकावर चालते.

न्यूक्लिओटाइडचे घटक तीन : पाच कार्बनांची शर्करा, नायट्रोजनयुक्त क्षारक आणि फॉस्फेट. क्षारकाच्या वलयातील अणूंना साधे क्रमांक देतात, म्हणून शर्करेच्या कार्बनांवर ‘प्राइम’ची खूण करून १′ ते ५′ असे लिहितात. १′ वर क्षारक असतो, ५′ वर फॉस्फेट आणि ३′ वर मोकळा हायड्रॉक्सिल गट. साखळीत एकाच्या ३′ ऑक्सिजनला दुसऱ्याचा ५′ फॉस्फेट जोडला जातो. म्हणजे एका फॉस्फेटचे दोन हात दोन शेजारी शर्करांत गुंततात. अशा प्रत्येक जोडणीला एस्टर म्हणतात; दोन एस्टर, म्हणून ‘डायएस्टर’. फॉस्फेटवर ऋण प्रभार मात्र शिल्लक राहतो. जेल इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे विजेच्या साहाय्याने जेलमधून रेणू वेगळे करण्याच्या पद्धतीत, डीएनए धन ध्रुवाकडे सरकतो तो या प्रभारामुळेच.

पाण्याचा रेणू बाहेर पडून बंध तयार होतो, असे ढोबळपणे सांगितले जाते. हिशेबापुरते ते चालेल; पेशीत प्रत्यक्षात घडते ते वेगळे. तिथे कच्चा माल ट्रायफॉस्फेटच्या रूपात येतो. साखळीच्या टोकाचा ३′ ऑक्सिजन नव्या न्यूक्लिओटाइडच्या तीन फॉस्फेटांपैकी शर्करेलगतच्या फॉस्फेटवर चाल करतो, उरलेले दोन पायरोफॉस्फेट म्हणून सुटतात. साखळी वाढवणाऱ्या पॉलिमरेज या विकरातील (एन्झाइममधील) मॅग्नेशियमचे आयन हा मेळ जमवून देतात. सुटलेल्या पायरोफॉस्फेटचेही दुसरे एक विकर लगेच दोन तुकडे करते, त्यामुळे अभिक्रिया सहसा मागे फिरत नाही. आर्थर कॉर्नबर्ग यांनी १९५०च्या दशकात ई. कोलाय जिवाणूतून डीएनए पॉलिमरेज वेगळे केले. १९५९चे नोबेल पारितोषिक त्यांना सेव्हेरो ओचोआ यांच्यासह मिळाले.

साखळीची दोन टोके सारखी नसतात. वाढ नेहमी ३′ टोकाला होते, आणि क्रम ५′ कडून लिहिण्याचा संकेत आहे. त्यामुळे क्षारकांच्या आद्याक्षरांनी लिहिलेले ‘ए-जी-सी’ आणि ‘सी-जी-ए’ हे दोन वेगळे रेणू ठरतात. वाढ याच दिशेने का, याचे पटणारे स्पष्टीकरण दुरुस्तीशी निगडित आहे. जोडणीची ऊर्जा येणारा न्यूक्लिओटाइड स्वतःबरोबर आणतो, म्हणून चुकीचा घटक कापून टाकला तरी टोकाचा हायड्रॉक्सिल पुन्हा जोडणीला तयार असतो. उलट दिशेने वाढ झाली असती, तर ऊर्जा साखळीच्या टोकावर राहिली असती आणि एका दुरुस्तीत ते टोक निकामी झाले असते. या सोयीची किंमतही मोजावी लागते. गोफातील धागे परस्परविरुद्ध दिशेने धावतात, म्हणून द्विगुणनात एका धाग्याची प्रत तुकड्यातुकड्यांनी बनवावी लागते. रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने १९६०च्या दशकात दाखवलेल्या या तुकड्यांमधील शेवटची फट लायगेज विकर सांधते, तीही फॉस्फोडायएस्टर बंधानेच.

३′ हायड्रॉक्सिलच नसेल तर साखळी तिथेच खुंटते. फ्रेडरिक सँगर यांची १९७७ची डीएनए क्रमनिर्धारण पद्धत असे ३′ हायड्रॉक्सिल नसलेले ‘डायडीऑक्सी’ न्यूक्लिओटाइड मुद्दाम मिसळण्यावर आधारलेली आहे. एचआयव्हीवरील झिडोव्हुडिन या औषधात ३′ जागी अॅझाइड गट असतो. विषाणूचे विकर ते साखळीत ओवते आणि पुढची जोडणी थांबते.

आरएनएच्या शर्करेवर २′ जागी आणखी एक हायड्रॉक्सिल असतो. तो शेजारच्याच फॉस्फेटवर हल्ला करू शकतो आणि विम्लात तसे करतोही. आरएनए सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर कोमट ठेवला तर सुटे न्यूक्लिओटाइड हाती येतात. डीएनएचे त्याच वेळी फक्त धागे वेगळे होतात. आनुवंशिक माहिती दीर्घकाळ जपायला डीएनए अधिक सोयीचा ठरतो, त्यामागे हा एक ऑक्सिजन नसणे हे मोठे कारण आहे.

शर्करा व फॉस्फेट एकाआड एक येतात हे जीवरसायनशास्त्रज्ञ फीबस लेव्हीन यांना कळले होते, पण चार न्यूक्लिओटाइडांचा ठरावीक संच पुन्हापुन्हा येतो, असा त्यांचा चुकीचा समज होता. जोडणी नेमकी ३′ ते ५′ अशी असते हे केंब्रिजमध्ये अलेक्झांडर टॉड यांच्या गटाने १९५०च्या दशकारंभी पक्के केले. १९५७चे रसायनशास्त्राचे नोबेल टॉड यांना मिळाले. त्यांच्याकडे काम केलेले हरगोविंद खुराना पुढे प्रयोगशाळेत हे बंध एकेक करून घडवू लागले. आज डीएनएचे छोटे तुकडे बनवणाऱ्या यंत्रांत मात्र साखळी निसर्गाच्या उलट, ३′ कडून ५′ कडे वाढवली जाते.