कड्यावरून कुंडीत: खाली झेपावणाऱ्या बोन्सायची पार्श्वभूमी

खोड कुंडीच्या काठावरून जेमतेम वर उठतं, लगेच मान खाली घालतं आणि शेंडा कुंडीच्या बुडाच्याही खाली लोंबत राहतो. बोन्सायच्या या घडणीला जपानी लोक केंगाई म्हणतात. शेंडा काठाच्या खाली आला पण बुडापर्यंत पोचला नाही, तर हान-केंगाई. प्रदर्शनात उंच तिवईवर ठेवलेलं असं एखादं ज्युनिपर (पाईनसारखंच थंड डोंगरांतलं सदाहरित झाड) पाहिलं की अनेकांना वाटतं, कुणीतरी तार हातात घेतली, झाड वाकवायचं ठरवलं आणि हा प्रकार जन्माला आला. घडलं ते उलट. आधी कड्यावरची झाडं होती, मग त्यांची चित्रं आली, मग कड्यावरून प्रत्यक्ष उतरवलेली झाडं. तारेचा क्रम बराच नंतरचा आहे, आणि तिचं खरं मोल कळलं ते डोंगर रिकामे होऊ लागल्यावर.

कड्याच्या भेगेत बी रुजतं तेव्हा रोप सरळच वर निघतं. पुढे दर हिवाळ्यात त्याच्यावर बर्फ साचतं, वरून दगड घरंगळतात, वारा एकाच अंगाने झोडपतो. मुळांना माती ओंजळभरही मिळत नाही, म्हणून वाढ वर्षाला नखभर. फांदी खाली दबते, तिचं टोक उजेडासाठी पुन्हा वर वळतं, पुढच्या हिमपातात पुन्हा दबतं. शे-दोनशे वर्षांनी जे वळणदार, अर्धं वाळलेलं आणि अर्धं हिरवं खोड तयार होतं, त्यात अशा शेकडो हिवाळ्यांची नोंद असते. केंगाईत जाणकार नजर शोधते ती हीच नोंद. झाड नुसतं लोंबतंय एवढं पुरत नाही. ते खाली का गेलं आणि तरीही जगलं कसं, हे खोडाकडे बघून कळायला हवं.

चिनी चित्रकारांनी ही झाडं फार आधी हेरली. कुंडीत छोटा देखावा उभा करण्याची चीनमधली परंपरा तर त्याहून जुनी आहे. शान्शी प्रांतात तांग राजपुत्र ली श्यान याच्या थडग्यातल्या, इ.स. ७०६ च्या सुमाराच्या भित्तिचित्रात सेवकाच्या हातात दगड आणि रोपं मांडलेलं तबक स्पष्ट दिसतं. कड्यावरच्या पाईनला चित्रात मानाचं पान मिळालं ते सतराव्या शतकात, आन्ह्वे प्रांतातल्या ह्वांगशान डोंगरामुळे. हाँगरेन आणि शिताओ यांनी तिथले ग्रॅनाइटचे सुळके आणि त्यांच्या फटीतून आडवे-तिरपे निघालेले पाईन पुन्हा पुन्हा रंगवले. १६७९ मध्ये चित्रकला शिकवणारं एक सचित्र पुस्तक नानजिंगला छापलं गेलं. खडक कसा काढावा, झाड कसं काढावं, याचे त्यात धडे होते. ते समुद्र ओलांडून जपानात गेलं आणि तिथल्या सुशिक्षित वर्गाच्या हाती पडलं. जपानी केंगाईमागे बागायतीइतकीच ही चित्रकलाही उभी आहे, असं मला ठामपणे वाटतं.

चीनमधल्या बागवानांकडे वाकवण्याची साधनं वेगळी होती. पूर्व चीनमधल्या यांगजौ शहराच्या परंपरेत ताडाच्या जातीच्या झाडाच्या तंतूंची दोरी वळून फांद्या बांधत. इंचभर फांदीत तीन वळणं, हा तिथला आदर्श. सिच्वानमध्येही हीच दोरी चाले. दक्षिणेत ग्वांगडाँगच्या लिंगनान परंपरेने मात्र बांधणं जवळजवळ सोडून दिलं. फांदी वाढू द्यायची, छाटायची, नवा फुटवा हव्या त्या दिशेने घ्यायचा, पुन्हा छाटायचा. उष्ण प्रदेशातल्या, भराभर फुटणाऱ्या रुंद पानांच्या झाडांना ते मानवतं. पाईनच्या जुन्या लाकडावर हिरवं काही न ठेवता छाटलं तर तिथून सहसा फुटवा येत नाही. म्हणून सूचिपर्णी, म्हणजे पाईन-ज्युनिपरसारख्या, झाडाला वळण द्यायचं तर आहे ती फांदी वाकवण्यावाचून गत्यंतर नसतं.

जपानात कुंडीतली झाडं १३०९ च्या एका चित्रगुंडाळीत दिसतात. तोकुगावा घराण्यातला तिसरा शोगुन (लष्करी सत्ताधीश) इएमित्सू (१६०४–१६५१) याच्या नावाने ओळखला जाणारा दर झुबक्यात पाच सुया असणारा पाईन टोकियोच्या राजवाड्यात आजही जिवंत आहे. पण एदो काळाच्या, म्हणजे याच शोगुन घराण्याच्या राजवटीच्या, शेवटी शहरी बागवानांमध्ये एक विचित्र फॅशन रुळली होती. पाईनच्या फांद्या दोऱ्यांनी आणि बांबूच्या कामट्यांनी ओढून-ताणून ऑक्टोपसच्या सोंडांसारख्या वळवायच्या. बाजारात त्याला मागणी होती. क्योतो-ओसाका भागातल्या, चिनी कविता वाचणाऱ्या आणि चिनी पद्धतीचा चहा पिणाऱ्या मंडळींना ते रुचलं नाही. त्यांना चित्रातल्यासारखं, डोंगरावर शोभेल असं झाड हवं होतं. १८६८ नंतरच्या मेजी काळात हीच रुची वरचढ ठरली. चीनमधून आलेल्या खोल, उभट कुंड्या आणि त्यांच्या काठावरून झेपावणारी झाडं या मंडळींच्या चहाच्या बैठकांत मानाने मांडली जाऊ लागली.

आता तारेकडे यायचं, तर आधी लाकडाकडे बघावं लागतं. दोरी फक्त ओढते. एका टोकाला बांधून खाली खेचली की फांदी कमानीसारखी झुकते, पण मधेच डावीकडे वळ, मग उजवीकडे, मग जरा वर उचल, हे तिच्याकडून होत नाही. शिवाय सूचिपर्णी झाडाचा स्वभाव आडवा येतो. वडाची किंवा आंब्याची फांदी खाली वाकली की झाड तिच्या वरच्या अंगाला विशेष लाकूड तयार करतं आणि तिला वर ओढायला बघतं. पाईन आणि ज्युनिपर खालच्या अंगाला लिग्निनने (लाकडाला कडकपणा देणाऱ्या द्रव्याने) भरलेलं, लालसर, जड लाकूड घालतात. ते फांदीला खालून वर रेटतं. वनस्पतिशास्त्रात याला प्रतिक्रिया-काष्ठ म्हणतात. कारागिराच्या दृष्टीने अर्थ एवढाच की वाकवलेलं ज्युनिपर गप्प बसत नाही, ते दर वर्षी थोडं थोडं उठायला बघतं. नव्या वळणात लाकडाचा नवा थर चढून घट्ट होईपर्यंत त्याला धरून ठेवावं लागतं. एखादं वर्ष, कधी त्याहून जास्त, आणि मधे तार रुतायला लागली की काढून पुन्हा गुंडाळायची.

तारेने आकार देण्याचं वर्णन जपानी लिखाणात १९१० च्या सुमारास ठळकपणे येतं. सुरुवातीला जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार चाले. तांबं महाग, म्हणून ते निवडक झाडांच्याच वाट्याला येई. पण सूचिपर्णी झाडांसाठी तांब्यासारखं दुसरं काही नाही, हे लवकरच सिद्ध झालं. विस्तवात मंद लाल होईपर्यंत तापवली की तांब्याची तार मऊ पडते, आणि वाकवली की त्या वाकण्यानेच कडक होते. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून ताठरलेलं भांडं पुन्हा भट्टीत घालतात, त्यामागचं कारण तेच. म्हणजे गुंडाळताना हाताला मऊ आणि गुंडाळल्यावर झाडाला कडक, असे दोन्ही गुण एका धातूत मिळाले. तपकिरी मुलाम्याची अ‍ॅल्युमिनियमची तार फार नंतर, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. नवशिक्याला ती सोपी जाते, पण तेवढीच पकड हवी तर कितीतरी जाड घ्यावी लागते.

केंगाईचा खरा नायक म्हणजे शिंपाकू, चिनी ज्युनिपरची जपानच्या उंच डोंगरांवर वाढणारी जात. मेजी काळाच्या आधी पाईनपुढे तिला फारसं कुणी विचारत नव्हतं. मग शिकोकू बेटावरच्या इशिझुची पर्वतावरून (उंची १,९८२ मीटर) अशी ज्युनिपर खाली येऊ लागली, की ज्यांची पांढरीशुभ्र वाळलेली खोडं आणि त्यांना वेढून चढणारी जिवंत सालीची पट्टी पाहून टोकियोचे गिऱ्हाईक थक्क झाले. पुढे निईगाता प्रांतात इतोइगावाजवळ, म्योजो आणि कुरोहिमे या चुनखडीच्या डोंगरांवर त्याहून बारीक पानांची आणि गडद हिरवी झाडं सापडली. दोरावर लटकून, एका हाताने छिन्नी चालवत माणसं ती सोडवत. मुळं दगडाच्या भेगेत फूटभर आत गेलेली. एखादं झाड आधी अर्धं सोडवून ठेवायचं, जवळ नवी मुळं धरू द्यायची आणि पुढच्या खेपेला न्यायचं, असं धीराचं काम. काही जण या कड्यांवरून पडून मेले. हे सांगितलं पाहिजे, कारण संग्रहालयात त्या झाडांसमोर उभं राहताना त्यांच्या किमतीत हेही धरलेलं आहे.

या झाडांनी केंगाईचं मोजमाप बदललं. डोंगराने घडवलेलं खोड समोर असताना दोरीने वाकवलेलं झाड फिकं वाटू लागलं. त्याच काळात टोकियोच्या बागवानांवर संकट आलं. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि आगीत शहर उद्ध्वस्त झालं. सेन्दागी आणि दांगोझाका भागातल्या बोन्साय व्यावसायिकांनी उत्तरेला ओमिया गाठलं. मोकळी जागा, चांगलं पाणी, स्वच्छ हवा. १९२५ मध्ये तिथे बोन्साय गाव वसलं. वस्तीचे नियमही त्यांनी घातले: निदान दहा बोन्साय हवीत, कुंपण हिरव्या झुडपांचं हवं, दुमजली घर बांधायचं नाही, दार सगळ्यांना उघडं ठेवायचं. १९३४ मध्ये उएनो इथे कोकुफू-तेन हे राष्ट्रीय प्रदर्शन सुरू झालं, आणि बोन्साय चित्र-शिल्पांच्या शेजारी कलासंग्रहालयात जाऊन बसलं.

तोवर डोंगर मात्र ओसरत चालले होते. १९६० च्या दशकापर्यंत इतोइगावाच्या कड्यांवर हाती लागण्याजोगं फारसं उरलं नव्हतं. इथे तारेची भूमिका पालटली. डोंगरावरून आलेल्या झाडाला ती फक्त नीटनेटकं करत होती. आता डोंगराचं अख्खं काम तिच्याकडे आलं.

ते काम जवळून बघण्यासारखं आहे. थंडी संपत आलेली, झाड विश्रांतीत, वाढ सुरू व्हायची आहे. वाढीच्या दिवसांत साल आतल्या लाकडापासून सहज सुटते आणि पिळताना फांदी हातची जाते, म्हणून हाच मोसम. आदल्या दिवशी पाणी कमी दिलेलं, म्हणजे फांदी फुगून ताठ नाही. अंगठ्याएवढ्या जाड खोडाला भिजवलेला राफिया (ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांचे तंतू) घट्ट गुंडाळतात, साल आणि खालचा जिवंत थर एकमेकांपासून सुटू नयेत म्हणून. त्यावर तांब्याची तार, फांदीच्या साधारण एक-तृतीयांश जाडीची, पंचेचाळीस अंशाच्या तिरकस वेढ्यांनी. वळणाच्या बाहेरच्या अंगाला तारेचा वेढा आलाच पाहिजे, कारण फाटतं ते तिथेच. मग दोन्ही हात, अंगठे वळणाच्या आत टेकलेले, आणि आधी पीळ, मग वाकवणं. पिळल्याने लाकडाचे तंतू एकमेकांवर सरकतात आणि फांदी नुसत्या वाकवण्यापेक्षा जास्त झुकते. बारीक करकर ऐकू येते. किती करकर चालते आणि कुठे थांबायचं, हे कान शिकतो.

केंगाईत सगळ्यात अवघड पहिलंच वळण असतं, खोड कुंडीबाहेर येऊन खाली झुकतं ते. तिथे खोड सर्वात जाड. १९४० साली ओमियात जन्मलेले बोन्साय कलाकार मासाहिको किमुरा यांनी या अडचणीवर जो मार्ग काढला, त्याने १९८० च्या दशकात बोन्साय जग ढवळून निघालं. ज्युनिपरचा गाभा मृत असला तरी चालतो, झाड जगतं ते सालीखालच्या जिवंत पट्टीवर. किमुरांनी यंत्रांनी गाभा कोरून ती पट्टी मोकळी केली आणि जे खोड वाकणं अशक्य होतं ते वाकवलं. त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. माझ्या मते त्यांच्या चांगल्या झाडांत डोंगराचं तर्कशास्त्र शाबूत आहे. त्यांची नक्कल करणाऱ्यांच्या झाडांत अनेकदा फक्त यंत्र दिसतं.

एवढं करूनही झाडाची ओढ वरच असते. जोम वरच्या फांद्यांकडे जातो आणि झेपावलेला शेंडा वर्षागणिक अशक्त होतो. म्हणून केंगाईत वरचा भाग कडक छाटायचा आणि शेपटाकडचा हिरवा भाग जपायचा, टोक किंचित उजेडाकडे उचलून ठेवायचं.

आपल्याकडे महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत सूचिपर्णी झाडं निसर्गतः नाहीत. पाईनला लागणारी थंडीतली विश्रांती मुंबईत मिळत नाही. पुण्याच्या गच्च्यांवर ज्युनिपर तग धरतं. अनेक जण मात्र सुरूकडे वळतात. सुरू सपुष्प वनस्पती आहे, तिच्या 'सुया' म्हणजे खरं तर बारीक डहाळ्या, पण ती तार छान मानते आणि समुद्रकाठी रुळलेली असल्याने दमट हवेला कंटाळत नाही. जपानी पुस्तकातलं एक वेळापत्रक इथे बदलावं लागतं: आपल्याकडे वाढ जवळजवळ वर्षभर चालते, तेव्हा तार तिकडच्यापेक्षा कितीतरी लवकर रुतते. जूनमध्ये गुंडाळली तर पावसाळाभर दर आठवड्याला बघावी लागते.

जपानात आज बहुतेक नवी केंगाई कड्यावरून येत नाहीत. इतोइगावाच्या जुन्या झाडांच्या काड्या लावून त्यांची रोपं केली जातात, किंवा राकट पानांच्या जुन्या खोडांवर इतोइगावाचं कलम बांधतात. पेन्सिलीएवढं रोप झालं की त्याला तार घालून नागमोडी पिळतात आणि तसंच शेतात लावतात. कधी तार मुद्दाम रुतू देतात, म्हणजे खोड फुगून तिला गिळतं आणि पिळाला जाडी येते. आठ-दहा वर्षांनी ते जमिनीतून निघतं तेव्हा पहिलं अवघड वळण आधीच घातलेलं असतं.