पेतायावेसीचं चर्च स्टेव्ह चर्च नाही

फिनलंडमधल्या पेतायावेसीच्या जुन्या चर्चचा फोटो टाकायचा आणि खाली ठोकून द्यायचं, 'व्हायकिंगांचं स्टेव्ह चर्च'. वाचून वाचून वीट आलाय. व्हायकिंगांचा काळ सरल्यावर जवळपास सातशे वर्षांनी हे चर्च उभं राहिलं.

नॉर्वेतली स्टेव्ह चर्च (उभ्या खांबा-फळ्यांची मध्ययुगीन लाकडी चर्च) सगळ्यांनी पाहिलेली असतात, निदान बोर्गुंडच्या चर्चची छपरांवर चढलेली छपरं आणि ड्रॅगनची मुंडकी तरी. दोन्ही प्रकार लाकडी, दोन्ही पाइनचे, दोन्ही युनेस्कोच्या यादीत (नॉर्वेतलं उर्नेसचं स्टेव्ह चर्च 1979, पेतायावेसी 1994). साम्य इथे संपलं.

खरी मेख भिंतीत आहे. स्टेव्ह चर्चमध्ये लाकूड उभं असतं. दगडी पायावर आडव्या तुळया, त्यांवर खांब, मधे उभ्या फळ्या. छपराचा भार चौकटीवर, आपल्या वाड्यात असतो तसा. पेतायावेसीत लाकूड आडवं. ओंडक्यावर ओंडका रचायचा, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवायचा. भार भिंतच घेते. आता लाकूड वाळताना लांबीत फारसं आटत नाही, जाडीत आटतं. म्हणून ओंडक्यांची भिंत पुढची काही वर्षं खाली बसत राहते आणि दारं-खिडक्यांच्या चौकटींवर फट सोडावी लागते. उभ्या खांबाला ही कटकट नाही. शिवाय भिंत ओंडक्याहून लांब न्यायची तर पंचाईत. त्यावरचा तोडगा म्हणजे क्रूसाच्या आकाराचा आराखडा, चारही भुजा सारख्या. कोपरे वाढले की भिंतीही ताठ राहतात. ओळखायचं असेल तर कोपरा बघा, छप्पर नव्हे. बाहेरून फळ्या मारलेल्या असतील तर आत जाऊन बघा.

दुसरी चूक 'लुथरन' (मार्टिन लुथरचा प्रोटेस्टंट पंथ) शब्दाची, तो दोन्हींना सरसकट लावायची. स्टेव्ह चर्च मुळात कॅथलिक काळातली. नॉर्वेत लुथरन पंथ आला 1537 मध्ये. पेतायावेसी मात्र पहिल्यापासून लुथरन. याक्को लेप्पानेन या सुतार मिस्त्रीने ते 1763 ते 1765 मध्ये बांधलं. 1821 मध्ये नातू एर्क्कीने घंटाघर जोडलं. प्रवचनाचा मंच सेंट ख्रिस्तोफरच्या ओबडधोबड लाकडी मूर्तीने पेललाय. मला विचाराल तर त्या ड्रॅगनांपेक्षा हा ख्रिस्तोफर कधीही सरस.

1879 मध्ये गावाने नवं चर्च बांधलं आणि हे पडून राहिलं. दफनभूमी आणि घंटाघर तेवढं वापरात होतं. 1920 च्या दशकात योसेफ स्ट्रिगोव्स्की या ऑस्ट्रियन कलेतिहासकाराने त्याचं मोल ओळखलं आणि मग दुरुस्तीला हात लागला.