बरणीतला आंबटपणा

जुलै २०२३ मध्ये मुंबईत टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली होती. आवक वाढली की हाच टोमॅटो मातीमोल होतो. मग स्वस्ताईच्या दिवसांत साल्सा, म्हणजे टोमॅटोची मेक्सिकन चटणी, करून बरण्या भरून ठेवल्या तर? कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, लिंबू, म्हणजे सगळं साहित्य आपल्या ओळखीचं. त्यामुळे आपण त्याला लोणच्याचे नियम लावून मोकळे होतो. धोका नेमका तिथेच आहे.

कैरीच्या लोणच्यात मीठ इतकं असतं की जंतूंना वापरता येईल असं पाणीच उरत नाही. शिवाय कैरीचं आम्ल असतंच. वरचा तेलाचा थर बुरशीला हवा मिळू देत नाही. साल्सात मीठ चवीपुरतं, आणि पाणी भरपूर. उकळून, घट्ट झाकण लावून ठेवला की आत हवा नाही, ओल आहे आणि मुंबईची ऊब आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला एवढंच हवं असतं. तो मातीत राहतो, त्यामुळे कांद्या-लसणाबरोबर घरात येतोच. त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली सुप्त रूपं, १०० अंशांवर तासन्‌तास उकळले तरी तग धरतात. हवा नसलेल्या जागी ते रुजले की जे विष तयार होतं, ते मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा संदेशच अडवतं. त्याला वास असेल, झाकण फुगेल, याची खात्री नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये एका उपाहारगृहातल्या तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणातून अनेकांना ही बाधा झाली होती.

या बीजाणूंना रोखतं ते आम्ल. आम्लता मोजतात पीएचमध्ये; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त. पीएच ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर ते रुजत नाहीत. टोमॅटो मात्र या रेषेवरच घुटमळतो: साधारण ४.३ ते ४.९. फळ जास्त पिकलं की आम्ल उतरतं. बियांभोवतीच्या गिळगिळीत गरात आम्ल जास्त असतं, आणि साल्सा पाणचट होऊ नये म्हणून आपण तोच काढून टाकतो. त्यात कांदा, लसूण, मिरची हे सगळे कमी आम्लाचे गडी. चव घेऊन काही कळत नाही, कारण साखर आंबटपणा झाकते.

म्हणून लिंबाचा रस चवीसाठी नाही, तर मोजून आणि भरपूर घालायचा असतो. अमेरिकेत तपासून दिलेल्या एका कृतीत ६ कप सोललेले, बिया काढलेले टोमॅटो, ९ कप कांदा-मिरची आणि तब्बल दीड कप लिंबाचा रस आहे. तोही बाटलीतला. ताजा रस मला जास्त आवडतो, पण प्रत्येक लिंबाचं आम्ल वेगळं असतं आणि बाटलीतल्या रसाचं ठरलेलं. त्याऐवजी व्हिनेगर चालत नाही, ते सौम्य पडतं. मिठात, जिऱ्यात हवा तो बदल करा. कांदा-मिरची वाढवू नका.

आम्ल पुरेसं असलं की उकळतं पाणी पुरतं, कारण यीस्ट, बुरशी आणि बाकीचे बहुतेक जिवाणू त्यात मरतात. साल्सा उकळून गरम असतानाच बरणीत भरायचा, वर अर्धा इंच जागा ठेवायची, झाकण लावून पूर्ण बुडेल इतक्या उकळत्या पाण्यात अर्ध्या लिटरच्या आतली बरणी १५ मिनिटं ठेवायची. आतली हवा बाहेर पडते, बरणी निवली की झाकण आत ओढलं जातं. हे १५ मिनिटांचं गणित मुंबईचं, समुद्रसपाटीचं. पुण्यात २० मिनिटं लागतात. यात कोणी मान-अपमान शोधू नये. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं.

कुकर लावला तर? १२१ अंशांच्या आसपास पोचतो खरा, पण घरचा कुकर झटकन तापतो आणि झटकन निवतो. बरणीच्या मध्यभागी किती उष्णता पोचली ते कळत नाही. शिवाय साल्साचा लगदा होतो.

जॅमच्या जुन्या बरण्यांची झाकणं पुन्हा वापरू नयेत. त्यांच्या कडेचा मऊ थर एकदा दबलेला असतो. साठवताना पोटमाळ्याचा मोह टाळा. एप्रिल-मेमध्ये तिथे तापलेलं असतं, आणि बॅसिलस कोॲग्युलन्स नावाचा उष्णताप्रेमी जिवाणू आंबट टोमॅटोतही वाढून, वायू न सोडता, बरणी नासवतो. झाकण सपाटच राहतं.

वर बुरशी दिसली तर ती काढून खालचं खाण्याचा आपला जुना हिशेब इथे चालत नाही. बुरशी आम्ल खाते, पीएच वर चढतो, आणि मग बीजाणूंना मोकळीक मिळते. अख्खी बरणी टाकायची.

ज्यांना मोजमापाचा कंटाळा आहे त्यांनी आटवलेला साल्सा फ्रीझरमध्ये ठेवावा. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, त्यामुळे तो सैल होतो, पण भाजीच्या ग्रेव्हीत मस्त जातो. कच्चा कांदा आणि कोथिंबीर खायच्या वेळीच वरून घालायची.