इंग्रजी सर्वनामांची विभक्तिरूपे

सर्वनाम वाक्यात कर्ता आहे, कर्म आहे की मालकी दाखवते, यावर इंग्रजीत त्याचे रूप ठरते. 'आय' हे कर्तृरूप, 'मी' कर्मरूप, तर 'माय' आणि 'माइन' संबंधरूपे. शब्दयोगी अव्ययानंतरही कर्मरूपच येते: 'विथ मी', 'फॉर हिम'.

जुन्या इंग्रजीत नामांनाही विभक्तिप्रत्यय लागत. ते बहुतेक झडून गेले, सर्वनामांत मात्र टिकले. 'यू' मुळात कर्मरूप होते. कर्त्यासाठी तेव्हा 'यी' असे; पुढे ती जागाही 'यू'नेच बळकावली. 'दे', 'देम', 'देअर' तर नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून घेतलेली. निर्जीवाच्या मालकीसाठी पूर्वी 'हिज' चाले; 'इट्स' सोळाव्या शतकाच्या अखेरीस लेखनात दिसू लागले.

मराठी माणसाची फजिती उच्चारापासूनच सुरू होते: आपला 'मी' कर्ता, त्यांचा 'मी' कर्म. खरा घोळ मात्र 'मला'चा. 'मला भूक लागली', 'मला हे गाणे आवडते' यांत अनुभव घेणारा चतुर्थीत असतो. इंग्रजीत तोच सरळ कर्ता होतो: 'आय ॲम हंग्री', 'आय लाइक धिस साँग'. 'मला' दिसले की इंग्रजी 'मी' ठेवून द्यायचे, हा ठोकताळा इथे तोंडघशी पाडतो. 'त्याने'मधल्या 'ने'लाही तिकडे वेगळे रूप नाही. 'तो गेला' आणि 'त्याने सांगितले', दोन्हीकडे 'ही'च.

'तिचा भाऊ' म्हणताना 'ति' मालकिणीवरून येते आणि 'चा' भावावरून. इंग्रजी फक्त मालकिणीकडे बघते: 'हर ब्रदर', 'हर सिस्टर'. 'आपला'ची सोय तिथे नाही. 'सुरेशने रमेशला आपली वही दिली' यात वही सुरेशची, हे सांगावे लागत नाही. 'सुरेश गेव्ह रमेश हिज नोटबुक' म्हटले की 'हिज' कोणाचे, हे संदर्भावरूनच ठरवायचे.

'माय'पुढे नाम लागते, 'माइन' एकटे उभे राहते. 'हिज' दोन्ही कामे करते. 'युअर्स', 'हर्स', 'इट्स' यांना लोपचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) नसते. ते असलेले 'इट्स' म्हणजे 'इट इज' किंवा 'इट हॅज'चा संक्षेप. इंग्रजी मातृभाषा असलेलेही इथे सर्रास चुकतात.

दोन नावे जोडली की गडबड वाढते. अशा वेळी जोडीदाराला क्षणभर बाजूला काढावे: 'ही कॉल्ड आय' कानाला खटकते, म्हणून 'ही कॉल्ड राम अँड मी'. 'बिट्वीन यू अँड आय' नियमात बसत नाही, पण शेक्सपिअरच्या नाटकातही ते सापडते. दारावरच्या 'कोण आहे?'ला काटेकोर उत्तर 'इट इज आय'. बोलताना मात्र 'इट्स मी' हेच स्वाभाविक. 'दॅन'नंतरही बोलण्यात 'मी'च जास्त ऐकू येते, पण तिथे नेमकेपणा कामाचा असतो: 'शी लाइक्स हिम मोअर दॅन आय डू' म्हणजे मला तो जितका आवडतो, त्याहून तिला तो अधिक आवडतो; 'मोअर दॅन मी' म्हटले, तर तिला माझ्यापेक्षा तोच जास्त आवडतो, असाही अर्थ निघतो.